१९७२ची एमजीबी जीटी : इंजिनात टकटक, उघडू की नको?

रेडिंगकर | शनिवार, सकाळी १०:४२

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गेल्या नोव्हेंबरात चाळिशीचं निमित्त करून एक जुनी गाडी घेतली. एमजीबी जीटी, १९७२ची, टील ब्लू रंग, क्रोमचे बंपर, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. रेडिंगहून तासाभराच्या आत ॲबिंग्डन लागतं, तिथल्या कारखान्यात बनलेली. विकणाऱ्या आजोबांनी चावी देताना बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि मी भाव करायचाच विसरलो.

आता दुखणं. सकाळी गार इंजिन चालू केलं की टकटक असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दिला की आवाजाचा वेगही वाढतो. दहा-बारा मिनिटांनी कमी होतो, किंवा मला सवय होते, नक्की सांगता येत नाही. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, पाच सेकंद मान हलवली आणि सांगितलं : इंजिन उतरवून पूर्ण बांधावं लागेल, ३,८०० पौंड.

बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही. प्रश्न एवढाच, उघडू की नको?

मिसळ_जास्त_तर्री | शनिवार, सकाळी १०:५५

आधी नीट सांगा, टकटक की ठकठक? की कटकट? कटकट असेल तर ती बहुतेक बॉनेटखालून येत नसेल.

खाते_उतारा | शनिवार, सकाळी ११:०३

३,८०० पौंड म्हणजे आपले चार लाखांच्या पुढे. मान हलवायचे एवढे?

निवृत्त_फोरमन | शनिवार, दुपारी १२:२०

उघडू नका. आधी ऐका.

कोल्हापुरात उद्यमनगरात एकतीस वर्षं इंजिनं बांधली, तेवढ्या जोरावर सांगतो. आवाजाची जात ओळखायची असते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी जोडणी, वाजतो तो वरून, शिवणयंत्रासारखा हलका. बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं की खालून ठोका येतो, ऐरणीवर घण पडल्यासारखा, आणि तो आयडलला दबलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबून सोडलात की तोंड काढतो. मेन बेअरिंग ठोकत नाही, घुमतं. ते आधी पायाला कळतं, मग कानाला. पिस्टन ढिला असेल तर गार इंजिनात खुळखुळतो आणि गरम झाला की फुगून गप्प बसतो. गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी खीळ, आयडलला जोडीनं ठोके देते. चढावर डब्यात वाळू हलवल्यागत आवाज आला तर ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय.

आता दोन गोष्टी करा. एक, गाडी चांगली गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा कुठे असतो ते बघा. दोन, लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. आधी व्हॉल्व्ह कव्हर, मग ब्लॉक, मग खाली तेलाचा चेंबर. फॅनपासून लांब राहा, गळ्यात मफलर असेल तर आधी काढा. आमच्या एका पोऱ्याचा शर्ट गेला होता, पोऱ्या थोडक्यात वाचला.

आणि एक सांगतो म्हणजे तुम्हाला जरा धीर येईल. ह्या इंजिनाला परकं समजू नका. हे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज. आपल्या ॲम्बेसिडरला १४८९ सीसीचं यायचं ते ह्याच घराण्यातलं. तुमचा हा जरा मोठ्या आवाजात गाणारा चुलतभाऊ.

रेडिंगकर | शनिवार, दुपारी १२:५१

काका, खरंच? ॲम्बेसिडर?

माझे वडील सातारा जिल्ह्यात सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. सव्वीस वर्षं पांढरी ॲम्बेसिडर. गाडी घेतली तेव्हा फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘दोन दारांची गाडी कशाला? आम्ही आलो तर बसायचं कुठं?’ तेव्हापासून विषय काढलाच नव्हता.

लूना_८२ | शनिवार, दुपारी १:१५

आमच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. तीही मुळात इंग्लंडचीच, ट्रायम्फची, मद्रासला बनायची. सगळं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटायचं, मगरीनं जबडा उघडावा तसं. लहानपणी त्या चाकावर बसून बाबांना पाने देणं हे माझं काम. दहा-अकराचा मागितला की बारा-तेराचा द्यायचो.

अवांतर : मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर वयाची वीस वर्षं भरल्यामुळे बंद झाली, तेव्हा मी ताडदेवला फक्त बघायला गेलो होतो. कुणाला सांगू नका.

मिसळ_जास्त_तर्री | शनिवार, दुपारी १:१९

सांगितलं. आता सगळ्यांना माहीत आहे.

पांढरा_हत्ती | शनिवार, दुपारी २:४०

अप्रिय मत मांडतो. इंजिन काढा, बॅटरी आणि मोटर बसवा. टकटक कायमची संपेल, धूर नाही, तेल गळणार नाही. दिसणं तेच राहील. ५० वर्षांपूर्वीचं तंत्र सांभाळत बसण्यात काय शौर्य आहे ते मला कळत नाही.

निवृत्त_फोरमन | शनिवार, दुपारी २:५८

तंबोऱ्याच्या तारा काढून आत स्पीकर बसवता येतो. भोपळा तसाच दिसतो.

तिरफळ | शनिवार, दुपारी ४:१०

मी चाकणला कंपन मोजण्याच्या कामात आहे. माझ्यासमोर गाड्या नसतात, पंप आणि कॉम्प्रेसर असतात, पण नियम तेच. आवाज नुसता ऐकू नका, मोजा.

फोर-स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रॅंकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. आयडल ८०० आरपीएम धरलं तर एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजेल, सेकंदाला साधारण साडेसहा. क्रॅंकशी बांधलेली वस्तू, समजा ढिली पुली, दर फेऱ्याला वाजली तर त्याच्या दुप्पट. साडेसहा आणि तेरा यांतला फरक नुसत्या कानाला कळतो. फोनवर रेकॉर्ड करून हळू वेगाने ऐकलंत तर मोजताही येईल.

पण फोरमनकाकांच्या यादीत एक नाव राहिलंय. एका सिलिंडरचं एक्झॉस्टचं पॅकिंग गळत असेल तर तेही दर दोन फेऱ्यांना एकदाच वाजणार, म्हणजे टॅपेटच्याच तालात. ताल मोजून हे दोघे वेगळे काढता येत नाहीत.

निवृत्त_फोरमन | शनिवार, संध्याकाळी ५:०२

बरोबर आहे ताई. राहिलं खरं. पण पन्नास वर्षांच्या इंजिनात आधी टॅपेट बघायचा, फुकटात होतं.

रेडिंगकर, पद्धत लिहून घ्या. इंजिन गार. प्लग काढून टाका म्हणजे हाताने फिरेल. व्हॉल्व्ह आठ आहेत, पुढून १ ते ८ मोजा. १ नंबर पूर्ण दाबलेला असेल तेव्हा ८ नंबरची फट बघायची. ३ दाबलेला असेल तेव्हा ६ ची. बेरीज कायम नऊ. फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं ओढताना प्लास्टिकवरून ओला पापड सोडवल्यागत यायला पाहिजे, चिकटत पण न फाटता. सळसळत आलं तर ढिलं, अडकलं तर टाइट.

आणि घट्ट करून आवाज मारायचा मोह आवरा. वाजणारा टॅपेट बरा. न वाजणारा व्हॉल्व्ह जाळतो.

खाते_उतारा | शनिवार, संध्याकाळी ५:२०

शेवटचं वाक्य समजलं नाही. आवाज नाही म्हणजे चांगलंच ना?

निवृत्त_फोरमन | शनिवार, संध्याकाळी ५:४१

नाही. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटवर टेकल्यावर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ठोकळ्यात, उतरते. टेकलाच नाही तर कडा जळते. जुन्या हेडमध्ये तर बिनशिशाच्या पेट्रोलनं सीटच झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. मालक खूश, गाडी शांत झाली म्हणून. मग एक दिवस कॉम्प्रेशनच नाही.

रेडिंगकर | रविवार, सकाळी ९:१५

बेरीज नऊ! काल रात्री मुलीला शेजारी बसवून केलं. ती आठ वर्षांची आहे, ‘बाबा, सात दाबला, दोन बघ’ असं ओरडत होती. सहा टॅपेट ठीक निघाले, दोनांत बावीस थाऊ होते, पंधरावर आणले.

निकाल : आवाज जरा निवळला. पण सकाळची टकटक आहे तशीच आहे.

ऑइल प्रेशर : गरम असताना ५० मैलांच्या वेगाला काटा ६० वर, आयडलला २० च्या आसपास. स्क्रू ड्रायव्हर लावला. खाली चेंबरला काही नाही. वर कव्हरला शिवणयंत्र. पण सगळ्यात मोठा आवाज स्क्रू ड्रायव्हर न लावता, डाव्या बाजूला वाकलो की येतो. हे कसं?

निवृत्त_फोरमन | रविवार, सकाळी ९:३३

६० आणि २० म्हणजे खालचा मजला ठणठणीत आहे. इंजिन उतरवायचं नाव काढू नका. तेल कुठलं घातलंय?

रेडिंगकर | रविवार, सकाळी ९:४०

२०डब्ल्यू-५०. ऑफिसमधला एकजण म्हणाला आताचं पातळ सिंथेटिक घाल, इंजिन मोकळं होईल.

निवृत्त_फोरमन | रविवार, सकाळी ९:४२

इंजिन मोकळं होईल, तेल बाहेर मोकळं होईल, खिसाही मोकळा होईल. २०डब्ल्यू-५०च ठेवा, आणि झिंक असलेलं. ह्याचा कॅम टॅपेटवर घासत चालतो, आताच्या गाड्यांसारखा रोलर नाही.

मिशिगन_मावशी | रविवार, सायंकाळी (तुमच्याकडे रात्र)

आवाजाचं तुम्ही बघा, माझ्याकडे दुसरा प्रश्न आहे. सिल्स बघितल्यात का?

आमच्याकडे १९७६ची एमजीबी आहे, उघडी, काळ्या रबरी बंपरची. बनलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त गाड्या अमेरिकेत आल्या आणि १९७४च्या अखेरीस ते रबरी बंपर आले तेही इथल्याच नियमांपायी. इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. आमची गाडी वरून नवरी होती. दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर बोट आत गेलं.

ह्या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालची ती पेटी, म्हणजे बाहेरचा सिल, आतला सिल आणि मधला उभा पत्रा, तोच हिचा कणा. तो गेला तर इंजिन कितीही गोड वाजू दे. तुमची जीटी असल्यामुळे छताचा आधार आहे, तरी बघाच. लोक तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात आणि विकतात. फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट घ्या, पातळ कापडात गुंडाळा आणि फिरवा. जिथे पडेल तिथे पत्रा नाही.

रेडिंगकर | सोमवार, रात्री १०:०८

मावशी, तुम्ही माझी झोप घालवलीत.

फ्रिजवर एकच मॅग्नेट होतं, आईने दिलेलं अष्टविनायकाचं. पाय धुऊन वगैरे नाही, पण जरा नमस्कार करून घेतलं. पुढचं मडगार्ड : चिकटलं. दार : चिकटलं. डावा सिल पुढून मागपर्यंत : चिकटलं. उजवा सिल, मागच्या चाकाच्या अलीकडची वीतभर जागा : बाप्पा सरळ खाली घरंगळले. पुन्हा लावलं, पुन्हा घरंगळले. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. नखाने रंगाचा पोपडा काढला तर खाली गुलाबी लांबी, आणि लांबीच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा. पत्रा नव्हताच, बातम्या होत्या.

मिसळ_जास्त_तर्री | सोमवार, रात्री १०:१५

कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा फुलं पडतात. तुमच्याकडे देवच पडला. उत्तर स्पष्ट आहे.

बातमी कुठल्या सालची होती?

रेडिंगकर | सोमवार, रात्री १०:१९

साल फाटलं होतं. हवामान होतं. पाऊस.

खाते_उतारा | सोमवार, रात्री १०:३०

आता मला खरोखर विचारायचंय. गाडीची किंमत, त्यात सिल, त्यात आवाज. हे कुठे थांबतं? मी अशा तीन जणांचे हिशेब बघतो, एकाची बुलेट आहे, एकाचं शेत आहे, एकाचं नाटक आहे. तिघांच्याही खर्चाच्या रकान्याला तळ नाही.

पांढरा_हत्ती | सोमवार, रात्री १०:४४

मोटर बसवली असती तर...

मिशिगन_मावशी | मंगळवार

हत्तीदादा, बॅटऱ्यांचं वजन त्याच कुजक्या सिलवर येणार. आधी पत्रा, मग तुमची वीज.

रेडिंगकर, वीतभर जागेसाठी घाबरू नका. पण आजूबाजूचं उघडल्यावर वीतभराचं हातभर होतं, ही मनाची तयारी ठेवा. दोन नियम. एका वेळी एकच बाजू कापायची. आणि गाडी मधोमध जॅकवर टांगून कापायची नाही; चाकांवर उभी असताना जसं वजन पडतं तसंच पडू द्यायचं, आणि दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून मगच कटर लावायचा. नाहीतर नवा सिल सुंदर बसतो आणि दार लागत नाही. आमचं दार आठ महिने दोरीने बांधलेलं होतं. मी कम्युनिटी कॉलेजात रात्रीचा वेल्डिंगचा वर्ग केला, वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच. पहिल्या महिन्यात पत्र्यापेक्षा माझ्या जीन्सला जास्त भोकं पडली. पण सुटा पत्रा मिळतो, ह्या गाडीचं तेच सुख. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर १९८८पासून मूळ साच्यांवर अख्खी बॉडी नव्याने बनवतात.

लूना_८२ | मंगळवार, सकाळी ८:३०

मावशी, वेल्डिंगवर वेगळा धागा काढाच. फोटोंसकट.

ह्यांच्याकडे पेट्रोलचं काय? आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल आलं तेव्हा माझ्या जुन्या स्कूटरच्या रबरी नळ्या बोटाला चिकटायला लागल्या होत्या.

रेडिंगकर | मंगळवार, सकाळी ८:५२

ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के असतं. महागड्या सुपरमध्ये पाचपर्यंत, मी तेच भरतो. पण नळ्या बदलाव्या लागणार आहेत, कार्ब्युरेटरजवळची एक नळी वाळलेल्या शेवग्यासारखी झाली आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, म्हणून हे सगळं नजरेआड राहिलं असावं.

तिरफळ | मंगळवार, सकाळी ९:१०

तपासणी सक्तीची नाही म्हणून करायचीच नाही असं थोडंच आहे? वर्षातून एकदा स्वतःहून करा. वर्तमानपत्रावर चालणाऱ्या गाडीत मुलीला बसवू नका.

रेडिंगकर | मंगळवार, सकाळी ९:१४

तपासणीची वेळ घेतली आहे. तोपर्यंत मुलगी फक्त टॅपेट मोजेल.

संपादक | मंगळवार, दुपारी १२:००

पेट्रोल आणि इथेनॉलवरचे पुढचे सव्वीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तिथे भांडा. इथे आवाज.

रेडिंगकर | शुक्रवार, रात्री ९:३०

अपडेट देतो, आणि ह्यात माझं कर्तृत्व काही नाही.

काल वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं बाबा, तुमच्या ॲम्बेसिडरच्या घराण्यातलं इंजिन आहे, ऐका जरा. फोन बॉनेटखाली धरला. ते म्हणाले, ‘गाडी चालू कर की.’ म्हटलं चालूच आहे.

तिरफळ | शुक्रवार, रात्री ९:३४

कॉलमध्ये सततचा आवाज गोंगाट समजून गाळला जातो. इंजिन म्हणजे त्याच्या लेखी गोंगाटच. रेकॉर्ड करून पाठवायचं.

रेडिंगकर | शुक्रवार, रात्री ९:५८

तेच केलं. गार इंजिनाचं एक मिनिट, गरम झाल्यावरचं एक मिनिट. अर्ध्या तासाने बाबांचा आवाजी संदेश आला, जसाच्या तसा लिहितो :

‘ही टकटक नव्हं. ही चुकचुक हाय. पाल चुकचुकती तशी. लोखंडावर लोखंड आपटलं की आवाजाला कड असती, ह्याला कड न्हाई, वारा हाय. मॅनिफोल्डचं पॅकिंग बघ. आणि मागं सायलेन्सरच्या तोंडाला जाड फडकं घडी करून क्षणभर धर. आवाज वाढला तर तीच. हात भाजून घेऊ नको. जेवलास का?’

सव्वीस वर्षांत ह्या माणसाने मला गाडीबद्दल एवढं कधी सांगितलं नव्हतं.

आज पहाटे गार इंजिनावर केलं. बायकोने चावी फिरवली, मी मागे फडकं घेऊन. धरल्याबरोबर पुढून चुक् चुक् चुक् असा ठसठशीत आवाज. बायको म्हणाली, ‘अरे, हे तर मलाही ऐकू येतंय.’ टॉर्च घेऊन डाव्या बाजूला वाकलो. मागच्या सिलिंडरपाशी, मॅनिफोल्ड (धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ) हेडला मिळतो तिथे, काजळाची रेघ. करंगळीएवढी.

निवृत्त_फोरमन | शुक्रवार, रात्री १०:०६

वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी टॅपेट टॅपेट करत बसलो आणि त्यांनी पाल पकडली. गरम झालं की लोखंड फुगतं, फट मिटते, म्हणून दहा मिनिटांनी आवाज जायचा. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला पाहिजे होतं.

एक विचारतो. मॅनिफोल्ड मूळचा आहे का बदललेला?

रेडिंगकर | शुक्रवार, रात्री १०:११

आजोबांनी बिलांची फाइल दिली होती. आत्ता बघितली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन वर्षांपूर्वी नवा. इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारा, जुनाच.

निवृत्त_फोरमन | शुक्रवार, रात्री १०:२९

मग ऐका. ह्या इंजिनाला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, आणि दोघांमध्ये स्टड सामायिक. जाड वॉशर अर्धा ह्याच्या पाटीवर, अर्धा त्याच्या. दोन्ही पाट्या एका जाडीच्या असतील तर दोघांवर सारखा दाब. एक जुनी आणि एक नवी, जाडीत फरक पडला, की वॉशर जाड्याला दाबतो आणि बारक्याला नुसता सावली देतो. तुम्ही नट कितीही आवळा, बारका सैलच.

व्हर्नियरने दोन्ही मोजा. फरक असेल तर वॉशरला तेवढी पायरी काढा. लेथवाला असेल तर उत्तम, नसेल तर कानसीनं. पॅकिंग नवीन. नट थोडे थोडे, फिरतीने आवळा. स्टड तुटला तर मला फोन करू नका, मला झोप लागणार नाही.

पांढरा_हत्ती | शुक्रवार, रात्री १०:४०

पायरी काढायची म्हणजे वॉशर तासायचा? हातानं? हे वाचून मात्र जरा मजा आली, कबूल करतो.

मिसळ_जास्त_तर्री | शुक्रवार, रात्री १०:४३

हत्ती विरघळला. स्क्रीनशॉट घेतला आहे.

खाते_उतारा | शनिवार, सकाळी ७:५०

पॅकिंगचे किती?

रेडिंगकर | शनिवार, सकाळी ८:०२

पोस्टाने धरून पंधरा पौंडांच्या आत.

खाते_उतारा | शनिवार, सकाळी ८:०३

आणि मान हलवायचे ३,८००.

रेडिंगकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं.

फरक निघाला पाऊण मिलिमीटर. तीन वॉशर घरीच तासले, संध्याकाळी दोन तास कानस चालवून. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये माऊस धरवत नव्हता. चुकचुक संपली, गारही आणि गरमही. मग वरचं शिवणयंत्र जास्तच ऐकू यायला लागलं, म्हणून काकांना विचारून रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा, काढला. काकांनी व्यनित बजावलं होतं ते इथेही लिहून ठेवतो : शाफ्टच्या ठोकळ्यांचे काही नट हे हेडचेही नट असतात. तेवढेच ढिले केले तर हेड वाकडं ओढलं जाऊन त्याचं पॅकिंग जाऊ शकतं. आधी पाणी उतरवायचं, मग हेडचे सगळेच नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सोडायचे. शाफ्ट वरून आरशासारखा होता. उलटा केला तर खालच्या बाजूला नख अडकेल एवढ्या खाचा. नवा शाफ्ट, नवे बुश. मुलीने पुन्हा बेरीज नऊ केली.

उजवा सिल कापला. मावशी म्हणाल्या तसं वीतभराचं हातभर झालंच. वेल्डिंग मी केलं नाही, गावातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरने केलं, दाराला आडवी पट्टी लावून. दार लागतं. एका बोटाने. वर्तमानपत्राचा बोळा जपून ठेवला आहे. परवा तपासणी करून घेतली, पास झाली, म्हणून आज ॲबिंग्डनला जाऊन आलो. तिघंही. कारखाना १९८०च्या ऑक्टोबरात बंद पडला, तिथे बघायचं असं फारसं काही नाही, पण गाडीला दाखवून आणलं.

फक्त एक आहे. आता इंजिन शांत झाल्यावर नवीन ऐकू यायला लागलंय. चावी फिरवली की, इंजिन चालू करायच्या आधीच, मागून उजवीकडून टिक टिक टिक. काय असेल?

निवृत्त_फोरमन | रविवार, संध्याकाळी ६:३१

वीस-पंचवीस टिकटिक होऊन गप्प बसतं का?

रेडिंगकर | रविवार, संध्याकाळी ६:३३

हो.

निवृत्त_फोरमन | रविवार, संध्याकाळी ६:३४

तो पेट्रोलचा पंप आहे. विजेवर चालतो. कार्ब्युरेटर भरेपर्यंत बोलतो, भरला की थांबतो. न थांबता बोलत राहिला तर कुठंतरी गळतंय, किंवा टाकीत पेट्रोल नाही, तेव्हा लिहा. बाकी वडील कधी येतायत तिकडं?

रेडिंगकर | रविवार, संध्याकाळी ६:५०

जूनमध्ये. म्हणतायत, मागे बसणार नाही, चालवणार.